छोट्या कवितेबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न, आणि माझी लांबलेली उत्तरं

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नागपूरच्या धरमपेठेतल्या एका गच्चीवर आम्ही दहा-बारा जण जमतो. हायकू, चारोळी, शेर, ओवी, जे कुणी आणलं असेल ते वाचतो आणि मग त्यावर भांडतो. नवीन येणारा प्रत्येक जण साधारण तेच प्रश्न विचारतो. मी तार ऑफिसात बावीस वर्षं काउंटरवर काढलीत, एकच उत्तर दिवसातून शंभर वेळा द्यायची सवय आहे. पण आता घसा दुखतो, म्हणून लिहून ठेवते.

छोटी कविता म्हणजे किती ओळींची?

शेर दोन ओळींचा, हायकू तीन, चारोळी चार. त्यापुढे वाद सुरू होतात. कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, यांनी मराठीत मुक्तछंद रुजवला आणि उतारवयात स्वतःहून दहा ओळींचं कुंपण घालून घेतलं. ती दशपदी. त्या संग्रहाला १९७७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्यानं सगळ्यांची दावणी सोडली त्यालाच शेवटी कुंपण हवंसं वाटलं, याची मला फार गंमत वाटते.

माझी कसोटी अशी: एकदा ऐकलेली कविता हातातला चहा संपायच्या आत शेजारच्याला पूर्ण सांगता आली, तर ती छोटी. ओळी ज्याच्या त्याने मोजाव्यात.

हायकूत ५-७-५ अक्षरं मोजावीच लागतात का?

मोजा. पण काय मोजतोय ते समजून मोजा. जपानीत मोजतात तो 'ओन', म्हणजे आवाजाचा एक ठोका. त्यांच्या राजधानीचं नाव आपण दोन-तीन अक्षरांत उरकतो, जपानी माणूस ते 'तो-ओ-क्यो-ओ' असं चार ठोक्यांत म्हणतो. 'निप्पोन'चेही चार: नि, मग अडकलेला प्, मग पो, मग शेवटचा न्. म्हणजे त्यांचा हिशेब आपल्या मात्रांच्या जवळचा आहे. आपल्या एका अक्षरात जोडाक्षर बसतं, दीर्घ स्वर बसतो, त्यामुळे मराठीच्या सतरा अक्षरांत त्यांच्या सतरा ठोक्यांपेक्षा बराच जास्त माल मावतो. जागा आहे म्हणून माल भरत गेलं की हायकूचं बोचकं होतं.

मराठीत हायकू आणला आणि वाढवला तो शिरीष पै यांनी (१९२९–२०१७). त्यांनी तीन ओळी ठेवल्या, अक्षरांचा काटा फार घट्ट धरला नाही, आणि अनेकदा दोन ओळींना यमकाची गाठ मारली. जपानी हायकूला यमक लागत नाही, म्हणून काही जण नाक मुरडतात. मी मुरडत नाही. अभंग-ओवीवर वाढलेल्या कानाला कुठेतरी खुंटी लागते, हे त्यांनी ओळखलं होतं.

सतरा हा आकडा आपल्याला काही नवा नाही. मंदाक्रांता वृत्ताची एक ओळ बरोबर सतरा अक्षरांची असते, चार, सहा, सात अशी थांबत जाणारी. कालिदासाचं मेघदूत याच वृत्तात आहे. त्यातला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं संशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं, आणि आज गडावर कालिदासाचं स्मारक आहे. बायकोला एक निरोप द्यायला यक्षाला सतरा-सतरा अक्षरांच्या चारशेहून जास्त ओळी लागल्या. माझ्या काउंटरवर तो आला असता तर मी त्याला पत्र लिहायचा सल्ला दिला असता. जपानी हायकूकार बाशोला (१६४४–१६९४) मात्र एक जुनं तळं, बेडकाची उडी आणि पाण्याचा आवाज एवढं सांगायला एकच ओळ पुरली. हो, जपानीत हायकू बहुधा एकाच उभ्या ओळीत लिहितात, तीन ओळी ही बाहेरच्यांची सोय आहे.

अक्षरांपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती दोन चित्रांमधली फट. जपानीत त्यासाठी 'या', 'काना', 'केरी' असे तोडशब्द आहेत. आपल्याकडे ते नाहीत, तर नुसतं थांबावं लागतं. थांबल्यावर लगेच 'जणू' लिहायचा मोह होतो. तो आवरा.

ऋतुशब्द कुठून आणायचे? आमच्याकडे चेरीचा बहर नाही.

चेरी आमच्याकडे केकवर येते. तरी नवीन मंडळींच्या पहिल्या पाच हायकूंत ती असतेच, आणि नसली तर धुकं असतं.

जपानी हायकूतल्या ऋतुशब्दाला 'किगो' म्हणतात. त्या शब्दांचे जाडे कोश आहेत, 'साइजिकी' नावाचे. आम्ही आमचा नागपूरचा कोश एका शंभर पानी वहीत करतोय. उन्हाळ्याचं पान सगळ्यात भरलेलं: कूलरमध्ये नवा वाळा भरणं, पहिल्या पाण्याचा त्याचा वास, नवतपा (म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस), डोळे तेवढे उघडे ठेवून बांधलेला दुपट्टा, लू लागू नये म्हणून खिशात ठेवलेला कांदा, संध्याकाळी पाणी मारलेली गच्ची. उन्हाळ्याआधी पळस आणि मोहफूल. पावसाळ्यात मृगाचा किडा, तान्हा पोळा, मारबत (इडापीडा घेऊन जाणारा मोठा पुतळा). दसऱ्याला दीक्षाभूमीकडे चाललेली पांढऱ्या कपड्यांची रांग. थंडीत हुरडा आणि सोले. (पुण्याहून येणाऱ्यांसाठी: सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. भाजीवाल्याकडे तुरीच्या दाण्यांची चौकशी केली की तुम्ही बाहेरचे आहात हे त्याला कळतं.) संत्र्याला तर दोनदा फूल येतं. जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार, जून-जुलैत मृग बहार. एकाच झाडाचे दोन ऋतुशब्द.

'अधिवेशन' हा ऋतुशब्द धरायचा की नाही, यावर अर्धा तास वाद झाला होता. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे होतं, बहुधा डिसेंबरात. बॅरिकेड लागतात, मोर्चे येतात, ऑटोवाले लांबून फिरवून नेतात, आणि आम्ही कपाटातून स्वेटर काढतो. विरोधकांचं म्हणणं, ते राजकारण आहे, निसर्ग नाही. वाद चालू असताना एकाने पावतीच्या मागे लिहिलं:

अधिवेशन
मोर्चातली म्हातारी
सोलते शेंगा

शब्द वहीत गेला.

ऋतुशब्द मला पुस्तकातून नाही कळला. काटोलकडचा एक माणूस तार करायला आला होता. मजकूर: मुलगी झाली, दोघी बऱ्या, संत्र्याला फूल आलं. तारेत शब्दागणिक पैसे, म्हणून मी माझ्या सवयीने म्हटलं, शेवटचे तीन शब्द काढा, वाचतील. तो म्हणाला, "राहू द्या बाई. पोरगी कवा झाली थे त समजलं पाह्यजे न." तारीख तारेवर छापून जातेच, हे मी त्याला सांगणार होते. सांगितलं नाही. पुढे किगोची व्याख्या वाचली तेव्हा मला तोच फॉर्म आठवला.

हायकू जपानी. आपलं स्वतःचं काही नाही का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी आधी बसवते, कारण उत्तराला वेळ लागतो.

हाल सातवाहनाची गाथासप्तशती घ्या. महाराष्ट्री प्राकृतातल्या, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेतल्या, सातशे गाथा. प्रत्येक गाथा दोन ओळींची, पहिलीत तीस मात्रा, दुसरीत सत्तावीस. त्यात देव फारसे नाहीत. शेत, पाऊस, प्रवासाला गेलेला नवरा, सासू, नणंद, गोदावरीचा काठ. गाथेत बाई बोलते एक आणि ऐकणाऱ्याला कळतं दुसरंच. जे न बोलता ठेवलंय त्यावर ती कविता उभी. ही युक्ती शिकायला बाशोच्या गावापर्यंत जायची गरज नव्हती, पण आपण शेजारच्या घरी जायला नेहमी उशीर करतो.

मग ओवी. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये ती ग्रंथात नेली, पण जात्यावर ती बायकांचीच राहिली. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या लाखात माझ्या आईच्या नाहीत. तिला पुष्कळ यायच्या. मी ऑफिसात दिवसभर लोकांचे शब्द मोजले आणि तिचे लिहून घ्यायचे राहिले. आता तीन आठवतात, तिसरी अर्धीच. म्हणून आमच्याकडे नियम आहे: घरात म्हातारं माणूस असेल तर स्वतःची कविता नंतर, आधी त्यांची लिहून आणा.

अभंगाकडे माप म्हणूनही बघा. मोठ्या अभंगाचा चौक, म्हणजे चार चरणांचा तुकडा, सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचा. 'सुंदर ते ध्यान' बोटांवर मोजून पाहा. बावीस अक्षरं, आणि शेवटचा चरण दोन अक्षरांनी तोकडा. त्या तोकडेपणात टाळ वाजतो. कवीने जागा सोडलीय ती दुसऱ्या कुणासाठी तरी.

आणि आपल्या विदर्भाची झडती. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे असतात, एक जण हात वर करून तीन-चार ओळी ठणकावतो, आणि शेवट ठरलेला. समोरचा तितक्याच ओळींत उत्तर देतो. आमच्या एका पोळ्याच्या बैठकीतली ही, मीच रचलेली:

वावरात फुलली पऱ्हाटी
भावच नाही तिच्या पाठी
बैल उपाशी, मालक उपाशी
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!

(पऱ्हाटी म्हणजे कपाशी.) शेवटची ओळ अर्थातच सगळ्यांची. ती आयती असल्यामुळे वरच्या तीन ओळींत जे काय म्हणायचं ते म्हणून टाकावं लागतं, रेंगाळता येत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत त्या वर्षीच्या दुखण्यांचे बडगे, म्हणजे तेही पुतळेच. शंभराहून अधिक वर्षांची प्रथा. गर्दी ओरडते, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" यातली पहिली जागा रिकामी ठेवून आम्ही नवीन लोकांना भरायला सांगतो. एकाने लिहिलं, "उधारीची वही घेऊन जा गे मारबत." एका सुनेने लिहिलं, "कुकरची शिट्टी." कवितेला घाबरणारी माणसं यात सहज लिहून जातात, कारण त्यांना वाटतं ही कविता नाहीच.

कापायचं कसं? काय ठेवायचं हे कसं ठरवता?

उदाहरणच देते, माझंच, कारण दुसऱ्याचं कापलेलं दाखवलं तर तो पुढच्या महिन्यात येत नाही. मे महिना, दुपार, कूलर अचानक बंद. पहिला खर्डा असा होता:

वीज गेल्यावर कळते शांततेची किंमत
ऐकू येतो निसर्गाचा हरवलेला सूर

हे भाषण झालं. 'किंमत', 'निसर्ग', 'हरवलेला' हे तीन शब्द दिसले की समजायचं, आपण त्या जागेवर नव्हतोच. दुसरा खर्डा:

कूलर बंद
शांततेमध्ये गातो
एक कोकीळ

पाच-सात-पाच बरोबर. 'शांततेमध्ये' केवळ माप भरायला आलाय, कूलर बंद झाला म्हटल्यावर शांतता आलीच. पण खरी भानगड कोकिळाची. हा कागद चार महिने वहीत पडून होता. एका दुपारी पुन्हा कूलर बंद पडला आणि मी कान देऊन बसले. कोकीळ नव्हता. त्या दिवशीही नव्हता. तो मी शाळेच्या पुस्तकातून उचलून आणला होता. ऐकू आलं होतं ते वेगळंच:

कूलर बंद
शेजारच्या घरात
कुणी खोकलं

कूलरच्या घरघरीत आम्ही चार महिने शेजाऱ्यांना ऐकलेलं नसतं. त्या घरात आजारी माणूस आहे, हे भिंतीला कळतं आणि आम्हाला वीज गेल्यावर. यातलं मी काही लिहिलं नाही, आणि लिहायला नको असं माझं मत आहे. बैठकीतल्या दोघांना मात्र कोकीळच आवडतो अजून.

तर कापताना शब्द मोजू नका. आधी हे विचारा, की हे मी खरंच पाहिलं-ऐकलं का. उसनं आणलेलं काढलं की निम्मं काम होतं.

चारोळी हलकी असते का?

चंद्रशेखर गोखल्यांच्या चारोळ्यांनी नव्वदच्या दशकात कॉलेजची पोरं वेडी केली होती. तारेच्या फॉर्ममागे चारोळी लिहून काउंटरवर विसरून गेलेले दोन तरी मला आठवतात. जे इतकं लोकप्रिय होतं त्याची नक्कलही तितकीच होते, आणि आता रोज सकाळी मोबाइलवर गुलाबाच्या फोटोखाली जे येतं त्याने या प्रकाराचं नाव खराब केलंय. दोष चारोळीचा नाही.

हायकू आणि चारोळी यांचं काम वेगळं. हायकू दाखवून गप्प बसतो. चारोळीला बोलायची परवानगी आहे, फक्त चौथ्या ओळीत तिने पाय अडकवला पाहिजे. तोच खोकला चारोळीत:

भिंत एकच, घरं दोन
बोलणं कधी होत नाही
कूलर बंद पडल्याशिवाय
खोकला ऐकू येत नाही

कोणती बरी? गच्चीवर मतदान झालं तर चारोळी जिंकते, दर वेळी.

गझलेचा शेर सुटा लिहिला तर चालतो का?

चालतो. शेर हा दोन ओळींत पूर्ण होणाराच असतो. गझलेत एका शेराचा दुसऱ्याशी अर्थाने संबंध असायला लागत नाही, त्यांना बांधतात वृत्त, काफिया (यमक) आणि रदीफ (यमकानंतर तसाच पुन्हा येणारा शब्द). पण सुटा शेर लिहिणाऱ्यांना बहुधा ही बंधनंच नको असतात, आणि मग दोन ओळींचं नुसतं वाक्य उरतं. सुरेश भटांनी नवख्यांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली ती याच दुखण्यावर. अमरावतीत जन्मलेले भट २००३ मध्ये नागपुरात गेले. रेशीमबागेतलं सभागृह त्यांच्या नावाचं आहे. बाराखडी वाचा आणि मग या. आमच्यात दोघं मात्रा मोजणारे आहेत, ते कुणाला सोडत नाहीत.

बोलीत लिहिलं तर लोक हसतील का?

हसतील. आपल्याला सिनेमा-मालिकांनी हसायची सवय लावलीय. वऱ्हाडी बोललं की विनोद, असं ठरूनच गेलंय. म्हणूनच छोटी कविता बोलीत गंभीरपणे लिहून पाहा.

बोलीचे फायदे मापातही आहेत. 'कशासाठी'ची चार अक्षरं 'काहून'मध्ये तीन होतात. 'ळ'चा 'य' झाला की डोया, काया, शाया अशी यमकं उघडतात जी प्रमाण मराठीला मिळत नाहीत. कुठं कुठं 'माझ्या'चं 'माया' होतं, 'माया घरी'. एका शब्दात मालकी आणि जीव दोन्ही. हे पुण्याच्या भाषेत कसं आणणार? पण घरी बोलत नसाल तर उगाच पेरू नका. 'बे' आणि 'काहून बे' दोन ठिकाणी टाकले म्हणजे बोली होत नाही.

काही सुचतच नाही. काय करावं?

सुचायची वाट बघू नका एवढंच मी म्हणू शकते. मला स्वतःला सात वर्षं काही सुचलं नव्हतं. ऑफिसात चार हजार प्रकारचे निरोप रोज हाताखालून जात होते, 'आई सिरियस ताबडतोब निघा' अशी तार मी किती पाठवली असेल, मोजदाद नाही. आणि घरी येऊन मी चांदण्यावर लिहायला बसायची. सुचणार कसं? माझं लिहायचं सामान काउंटरवर होतं आणि मी ते आकाशात शोधत होते.

तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. शेवटच्या दिवशी हौसेने तार करायला देशभर रांगा लागल्या, ज्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती तेही आले. मी तोवर दुसऱ्या विभागात गेले होते. बातमी पाहिली, रात्री वही काढली, आणि पहिल्यांदा काउंटरबद्दल लिहिलं. दोन ओळी. बऱ्या नव्हत्या, पण खोट्या नव्हत्या.

मासाओका शिकी (१८६७–१९०२) यांनी जपानी 'होक्कू'ला 'हायकू' हे नाव रूढ केलं. मणक्याच्या क्षयाने शेवटची वर्षं ते अंथरुणालाच खिळले होते. खोलीतून दिसणारी एवढीशी बाग हेच त्यांचं जग. त्यांच्या एका गाजलेल्या हायकूत कोंबड्याच्या तुऱ्याची फुलं आहेत, 'चौदा-पंधरा' असतील म्हणतात. चौदा की पंधरा? पडल्यापडल्या नीट मोजता आली नसतील, असं मला वाटतं. त्यावर जपानी समीक्षकांनी मोठे वाद घातले. मला तो 'चौदा-पंधरा' म्हणजे उशीवरून वर केलेली मान दिसते.

नोकरी, स्वयंपाक, मुलांच्या शिकवण्या. लिहायला वेळ कधी काढायचा?

छोटी कविता कमी वेळात होते हा गैरसमज. वरच्या खोकल्याच्या तीन ओळींना चार महिने लागले. पण ती तुकड्यातुकड्यांत होऊ शकते, कादंबरीचं तसं नाही. सिग्नलला, दूध उतू जायची वाट बघताना, बँकेच्या रांगेत तीन ओळी तोंडात घोळवता येतात. कागदसुद्धा लागत नाही. आमच्यातली एक जण पोळ्या लाटताना रचते आणि प्रत्येक पोळीला एक शब्द बदलते. तिच्या घरी पोळ्यांची संख्या वाढली की नवरा समजतो, आज अडलंय.

रोज लिहावं का?

रोज बघावं. लिहिणं होईल तेव्हा होईल.

नागपुरात राहून लिहिता येतं, की पुण्या-मुंबईला जावं लागतं?

अनिल इथे राहिले. भट इथे राहिले. ग्रेस, म्हणजे माणिक गोडघाटे, नागपुरात जन्मले, इथेच शिकवलं, आणि २०११ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. नाटककार महेश एलकुंचवार आजही इथले. विदर्भ साहित्य संघ १९२३ मध्ये अमरावतीत स्थापन झाला, त्याचं ठाणं आता नागपूर. आणखी काय हवं? एक तक्रार मात्र खरी आहे, मोठ्या गावांत भेटीगाठी जास्त होतात. पण छोट्या कवितेला भेटीगाठींपेक्षा दुपार लागते, आणि दुपार आमच्याकडे भरपूर.

पुस्तक काढावं का?

शंभर कविता झाल्या की लगेच काढू नका. चाळीस काढून टाका, मग सहा महिने थांबा. मी थांबले नाही. एका प्रकाशकाने पैसे घेतले, तीनशे प्रती कबूल केल्या, दीडशे दिल्या, आणि त्यातल्या नव्वद अजून माळ्यावर आहेत. दर दिवाळीला आवरताना भेटतात. करार वाचून सही करा, प्रती मोजून घ्या.

पुस्तकं विकली जात नाहीत म्हणणाऱ्यांनी मात्र दसऱ्याला दीक्षाभूमीजवळच्या पुस्तकांच्या दुकानांपुढून एक चक्कर मारावी. शिदोरी बांधून दूरदूरच्या गावांहून आलेली माणसं परतताना पिशवीत पुस्तकं नेतात.

मोबाइलमधलं यंत्र सेकंदात हायकू लिहून देतं. मग आपण कशाला?

मीही मागून पाहिला, 'नागपूरचा उन्हाळा' म्हणून. सूर्य होता, तहान होती, संत्रं होतं, पाच-सात-पाचही होतं. माझ्या दुसऱ्या खर्ड्याइतका बरा होता. कोकिळाऐवजी संत्रं, एवढाच फरक.

दुःखावर छोटी कविता लिहिता येते का? की ते दुःखाला कमी लेखणं होतं?

जपानी हायकूकार इस्साचं (१७६३–१८२८) सांगते. या माणसाने वीस हजारांहून जास्त हायकू लिहिले, माश्या, पिसवा, गोगलगायी कुणाला सोडलं नाही. १८१९ मध्ये त्याची वर्षाची मुलगी सातो देवीच्या आजाराने गेली. तेव्हाचा त्याचा हायकू साधारण असा आहे: हे दवाचं जग, दवाचंच जग आहे, पण तरीही. सगळं क्षणभंगुर आहे हे त्याला त्याच्या धर्माने शिकवलेलं, आणि ते तो मान्यही करतो. पण.

मूळ जपानी ओळीत 'दवाचं जग' दोनदा येतं. सतरापैकी आठ ठोके त्याने त्याच शब्दांवर घालवले. इस्सा माझ्या काउंटरवर आला असता तर मी फॉर्म फिरवून म्हटलं असतं, हे दुसऱ्यांदा आलंय, काढा, पैसे वाचतील. बावीस वर्षं मी हेच करत होते. काटोलच्या माणसाने ऐकलं नाही म्हणून ते तीन शब्द वाचले. बाकीच्यांनी ऐकलं. कुणाकुणाचं दुसऱ्यांदा आलेलं काय काय मी खोडायला लावलं असेल, हा विचार आता येतो.

आईवर मी अजून लिहिलेलं नाही. तिची ती अर्धी ओवी बैठकीत एकदा म्हटली. पूर्ण कर, असं सगळे म्हणतात. मी करत नाही.

बैठकीला येताना काय आणायचं?

वही, पेन, दोन कविता. तीन आणल्या तरी दोनच वाचायच्या. एप्रिल ते जून आपण साडेसातला सुरू करतो आणि नऊला उठतो, त्यानंतर गच्चीवर पाय ठेवता येत नाही. ज्याची कविता मध्येच राहील त्याने पुढच्या महिन्यात पहिल्यांदा वाचायची. पाणी आपापलं. पोहे ज्याची पाळी त्याने आणायचे, तर्री वेगळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात. गेल्या खेपेला ती सांडून एकीची चौदा हायकूंची वही भिजली. तीन वाचता आले. तेवढेच बरे होते, असं तीच म्हणते.